सेनापतींच्या चहावरची साय

"आज सूर्य मावळायच्या आत एक तर तो गद्दार संपेल, नाहीतर हे साम्राज्य!" सेनापतींनी गर्जना केली. म्हणजे टाइप केली, कारण शेजारच्या खुर्चीत पेशंट होता आणि त्याची भूल अजून चढायची होती.

सेनापती पोटापाण्यासाठी दातांचे डॉक्टर होते. एक्स-रे बघायच्या कॉम्प्युटरवर त्यांचा दरबार भरायचा. खेळ ऑनलाइन. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडचं लिहायचं. राणी, वजीर, सगळे जीव ओतून लिहीत. मग कुठूनसा तो विदूषक उगवला. राजा शेवटचे श्वास मोजू लागला की हा लिहायचा, 'महाराज, जरा हळू, माझा आकडा चुकतोय.' की राणीचं रडणं बाजूला आणि हसणं सुरू.

तेही डॉक्टरांनी गिळलं असतं. पण परवा त्याने लिहिलं, 'सेनापती, चहावर साय धरली.'

डॉक्टरांनी कपात पाहिलं. धरली होती.

म्हणजे हेर दवाखान्यातलाच! डॉक्टर पेशंटला भूल देऊन लढाया मारतात, हे बाहेर फुटलं तर दवाखान्याला कुलूपच लावायचं.

आज गर्जना टाइप करून झाल्यावर ते चोरपावलांनी बाहेर गेले. रिसेप्शनवर बसणारी मेहुणी मोबाइलकडे बघून खुदखुदत होती.

"काय चाललंय?"

"काही नाही, भाओजी."

"काही नाही म्हणून कुणी हसतं?"

"ताईचा मेसेज आहे. तुमच्याबद्दलच. वाचू?"

"नको."

"आणि चहा परत गार केलात ना?"

डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "तुला कसं कळलं?"

"कप कोण उचलतं रोज?"

"मोबाइल दे इकडे. संध्याकाळी मिळेल."

"अहो, पण मी काय केलं?"

मोबाइल कोटाच्या खिशात टाकून ते विजयी मुद्रेने आत आले. खुर्चीतला पेशंट म्हणजे कोर्टातले न्यायाधीश. ते तोंडात कापसाचे बोळे धरून, कपाळाला आठ्या घालून, आपल्या मोबाइलवर काहीतरी वाचत होते. महिनाभर दाढेचं काम चाललं होतं, पण डॉक्टरांनी त्यांचे दात पाहिले ते फक्त इलाजापुरते. हसताना कधीच नाही. असं एक माणूस दरबारात हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी लिहिलं, 'विदूषका, तुझं शस्त्र माझ्या खिशात आहे. तुला फाशी!'

राणीने लगेच लिहिलं, 'त्याला घालवलंत तर मीही चालले. त्याने आधी हसवल्याशिवाय मला रडू येत नाही.'

सेनापती विरघळले नाहीत. 'शेवटची इच्छा बोल!' एवढं लिहून ते आरामात मागे टेकले. खिशातला मोबाइल गप्प होता.

पडद्यावर उत्तर उमटलं.

'फाशी मंजूर, सेनापती. तोंडातला कापूस तेवढा काढता का? भूल चढून उतरायलाही लागली.'