पवित्र गुरुवारचं नेलकटर

फादरांनी इनासकाकांचा पाय परातीत घेतला आणि पाण्याचा तांब्या हातातच राहिला. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे पवित्र गुरुवारी फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात, म्हणून आम्ही अकरा जण घरूनच साबणाने पाय घासून आलो होतो. काकांची नखं मात्र वाढून बोटांत रुतली होती.

“पाणी राहू द्या,” काका म्हणाले. “नळ घरीही आहे. नखं कापा. मला वाकवत नाही. बायको होती तोवर तीच कापायची.”

कुणीतरी पर्समधून नेलकटर काढून दिलं. फादर फरशीवर मांडी घालून बसले. एवढ्या वेळात येशूने बाराही शिष्य उरकले असते.

शेवटी काकांनी बोटं हलवून पाहिली.

“जमलं. पण फादर, नखं काय वर्षातून एकदाच वाढतात होय?”