कोकिंगला नारळ

सत्काराचा नारळ टेबलावर होता, शेजारी शाल होती, आणि मंदाकिनीबाईंच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती. पुण्यात माणूस नकोसा झाला की आधी त्याचा सत्कार करतात.

रिफायनऱ्यांचे आराखडे करणाऱ्या त्या कंपनीत बाई कोकिंग विभागाच्या प्रमुख होत्या. काकवीसारखं घट्ट, जड तेल भट्टीत तापवायचं, त्यातून निघणारं हलकं तेल वेगळं करायचं आणि मागे उरलेला काळा कोक विकून टाकायचा, हे त्यांचं शास्त्र. आज ग्राहकानं हायड्रोजनची पद्धत निवडली, की विभाग बंद आणि बाई घरी.

ती निवड करून घ्यायला अनिरुद्ध उभा होता. नुकताच परदेशातून आलेला, शर्ट पांढराशुभ्र आणि बोलणं त्याहून धुतलेलं.

"जड तेलात हायड्रोजन घातला, की जवळजवळ सगळ्याचं चांगलं तेल होतं. कोकिंगमध्ये पाव भाग तर कोळसाच हाती लागतो." मग बाईंकडे बघून तो गोड हसला. "आपण आता किती दिवस हात काळे करायचे, मॅडम?"

कंपनीचे मालक दिगंबरपंत शालीची घडी उलगडू लागले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"अहो, शाल जरा लांब धरा," त्या म्हणाल्या. "माझे हात लागतील."

ग्राहक जयसिंगराव मात्र आराखड्यातच डोकं घालून बसले होते. "एवढा हायड्रोजन आणायचा कुठून? आमच्याकडे गॅसची पाइपलाइन नाही."

"त्याचाही विचार केलाय, सर," अनिरुद्ध उत्साहानं म्हणाला. "एक अगदी स्वस्त माल आहे. त्याचा वायू करून हायड्रोजन जागेवरच तयार करू."

"कसला माल?"

अनिरुद्धनं पाण्याचा ग्लास उचलला, घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "कोक."

जयसिंगरावांनी आराखडा मिटला. "म्हणजे आधी बाईंचंच युनिट उभं करायला लागणार."

दिगंबरपंत शालीची पुन्हा घडी घालू लागले. अनिरुद्धनं घसा खाकरला आणि प्रथमच बाईंपुढे मान तुकवून विचारलं, "मॅडम, आपल्याकडून कोक मिळेल ना?"

"मिळेल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण घरपोच देत नाही. येऊन न्यावा लागेल."