पाचजणींची सभा

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. कॉम्प्युटरच्या एकाच पडद्यावर पाच खिडक्या उघड्या आहेत आणि पाचही खिडक्यांतून तुम्हीच बोलता आहात. एकीत तुम्ही दगडा आहात, एकीत छबू, एकीत चांगुणा. हात मात्र दोनच. जमेल?

रेश्माला जमत होतं. श्रीरामपुरात तिच्या आत्याचं, जयमालाबाईंचं, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवून देण्याचं दुकान होतं. रविवारी दुपारी काम नसलं की तिथला जुना मॅक कॉम्प्युटर आणि त्याला इंटरनेट देणारी फोनची तार रेश्माच्या ताब्यात यायची. आज चौघींचे हात वर झाले होते. पाचवा झाला की गोरक्ष कायमचा हद्दपार.

हे चाललं होतं 'तटबंदी' नावाच्या खेळात. साल नव्याण्णव. खेळात चित्र म्हणून नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आणि त्यावरच गावोगावची मुलं किल्ले बांधायची, लढायची. एका माणसाने एकच नाव घ्यायचं, हा तिथला कायदा. दुसरा कायदा सभेचा. ज्याने दगा दिला त्याला सभेत उभं करायचं. पाच हात वर झाले की त्याचं नाव आणि किल्ला दोन्ही पुसलं जाई.

गोरक्षने दगा दिला होता. तो रेश्माच्याच वर्गात, तिच्याच आळीत. शाळेला दोघांच्या सायकली बरोबर निघायच्या. उन्हाळाभर खपून रेश्माने किल्ला उभा केला, तेव्हा त्याने मैत्रीखातर दरवाज्याचा परवलीचा शब्द विचारून घेतला. मग स्टँडजवळच्या मामाच्या सायबर कॅफेत बसून त्याने तो किल्ला जाळून टाकला. वर शाळेत सगळ्यांना रंगवून सांगितलं. तेव्हापासून रेश्मा वर्गात शिरली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "खिंडार आलं रे, खिंडार." गोरक्षही हसायचा.

रेश्मा भांडली नाही. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि खेळात पाच बाया जन्माला घातल्या.

पाचही जणींना तिने वेगवेगळा स्वभाव दिला. दगडा तोंडाची फटकळ. छबू भोळी. चांगुणा येता-जाता उपदेश करणारी. सरू चेष्टेखोर. आणि बनू नुसतं ऐकून घेणारी. सभेत हात वर करायचा तर आधी तिथं जुनं व्हावं लागे, म्हणून रेश्माने दिवाळीपर्यंत पाचही जणींना वाढवलं. त्यांची आपसात भांडणं लावली, समेट घडवले. गोरक्षशी तर पाचही जणी बोलत. तो सगळ्यांत जास्त बोले तो बनूशी. तो सांगे, मामा माझ्याकडून कॅफेतली फरशी पुसून घेतो. हसणारी पोरं आता दुसऱ्या कोणामागे गेली. मधल्या सुट्टीत डबा एकट्यानेच खावा लागतो. बनू त्याला विचारी, भाजी कोणती होती? आणि रेश्मा मनात म्हणे, खा एकटाच.

एक सवय तेवढी तिला मोडता आली नाही. पुढे काय लिहायचं याचा विचार करताना ती पडद्याच्या वरच्या कडेचा मेनू माउसने दाबून धरायची. आत्या ओरडायची. "अगं, दाबून नको धरू तो. तेवढा वेळ अख्खं मशीन थिजून बसतंय." रेश्मा हसून सोडून द्यायची.

त्या दुपारी सभेत सहाच नावं होती. पाच तिची, सहावा गोरक्ष. तिने बनूची खिडकी पुढे घेतली, मेनू दाबून धरला आणि क्षणभर थांबली. हा क्षण तिला चाखायचा होता. मग बोट उचललं, तर खिडकीत गोरक्षच्या ओळी येऊन पडल्या.

"बनू, हात वर करायच्या आधी ऐक. तुमी पाचीजणी एकदमच गप होता आन् एकदमच बोलाया लागता. लई दिवस झालं, माझ्या ध्यानात आलंय. पाची तूच हायेस, रेश्मे."

रेश्माचे कान तापले. खेळ चालवणाऱ्यांना त्याने एवढं नुसतं कळवलं असतं, तर तिच्या पाचही जणी त्याच दिवशी पुसल्या गेल्या असत्या. तिने लिहिलं, "मग सांगितलं का नाहीस?"

गोरक्षचं उत्तर आलं.

"शाळेत तू एक शब्द बोलत न्हाईस. हितं पाचजणी बोलतात."

तिने ते दोनदा वाचलं. मग तिला मागचं बाक आठवलं. खिंडार आठवलं. ते म्हणणारी पोरं नाही आठवली, त्यांच्यामध्ये बसून हसणारा हा आठवला. तिने बनूचा हात वर केला.

पाचही खिडक्यांत एकच ओळ उमटली. गोरक्ष हद्दपार. त्याचा किल्ला पुसण्यात आला आहे.

रेश्मा हसली. दगडाच्या खिडकीत जाऊन तिने, "गेली ब्याद," असं लिहिलं. छबूकडून टाळ्या वाजवल्या. सरूकडून एक चेष्टा केली. चांगुणाला काही सुचलं नाही. मग सभेत कोणीच काही बोलेना.

शेवटी तिने बनूच्या खिडकीत लिहिलं, "आता काय करायचं गं?"

दगडाच्या खिडकीत तो प्रश्न उमटला. छबूच्या, चांगुणाच्या, सरूच्याही.

आणि रेश्मा उत्तराची वाट बघत बसली.