पथारीवर आलेले डॉक्टर

नंदुरबारला मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर, पथारीवर, देठ खुडताना जमनाबाईंच्या शिंका थांबत नसत. होमिओपॅथीचे वळवी डॉक्टर तासभर त्यांचं ऐकत बसले, झोपेपासून रागापर्यंत सगळं विचारलं आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या.

पंधरा दिवसांनी बाई म्हणाल्या, "बरं वाटतं, डॉक्टर, पण पथारीवर गेलं की पुन्हा तेच."

दुसऱ्या सकाळी डॉक्टर स्वतःच येऊन त्यांच्याशेजारी देठ खुडायला बसले. दहा मिनिटांत त्यांचेही डोळे वाहू लागले.

"नुसत्या माझ्या गोळ्यांनी भागायचं नाही," शिंकत ते पथारीच्या मालक व्यापाऱ्याला म्हणाले. "सगळ्या बायांना मास्क द्या, वाऱ्याकडे पाठ करून बसवा."

व्यापारी मास्क आणायला निघाला. डॉक्टर डोळे पुसणार, तोच जमनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"मिरचीचा हात आहे तो!" म्हणत त्यांनी आपल्या कळशीतलं पाणी डॉक्टरांच्या बोटांवर ओतलं.