सेवेची वही

"शनिवारी सहाच्या आत एक माणूस, बाई. नाहीतर सोमवारी येऊ नका," हेडमास्तर गुरुबसप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सोजरबाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. साल शहात्तर. नसबंदीच्या केसेस आणायचं काम त्या साली मास्तर-बाईंच्या गळ्यात पडलं होतं. शाळेत बाकीच्यांचा आकडा भरला होता. उरल्या होत्या एकट्या सोजरबाई.

"सर, मी बाईमाणूस. कुणाच्या दारात जाऊन काय सांगू?"

"मला काय विचारता? मी स्वतःच जाऊन पडलो तिथं, या वयात." हेडमास्तरांनी आवाज खाली आणला. "शिबिरात काही विचारत नाहीत. वय किती, पोरं किती, काही नाही. अंगठा उठला की झालं. माणूस तेवढा हवा."

बाईंचा नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात त्या आणि धाकटा भाऊ धुळा, दोघंच. धुळा जन्माचा मुका-बहिरा. चादरीच्या कारखान्यात मागावर बसायचा. मुक्याला पोरगी कोण देतंय! सात वर्षं बाईंनी उंबरे झिजवले, तेव्हा कुठं मंगळवेढ्याचे एक जण हो म्हणाले. तेही 'बहीण सरकारी नोकरीत हाय' एवढ्याच भरवशावर. लग्न येत्या गुरुवारी होतं. नोकरी गेली की तेही गेलं, हे बाई पुरतं ओळखून होत्या.

त्यांनी डोळे पुसले आणि चौथीच्या वर्गावर गेल्या. सेवेचा तास होता.

हा तास बाईंनी स्वतः सुरू केलेला. रोज एक काम दुसऱ्यासाठी करायचं, वहीत लिहायचं आणि बाईंची सही घ्यायची. पहिल्या आठवड्यात आख्ख्या वर्गानं एकट्या गोजाबाईचं पाणी भरलं. म्हातारी तणतणत शाळेत आली, "बाई, घरात तळं झालंय की वो! आवरा तुमच्या पोरांना!" तेव्हापासून बाईंनी पाळ्या लावल्या. कुणी नळाजवळची घाण काढायची, कुणी आजाऱ्याला औषध आणून द्यायचं, कुणी धुळामामाला घरी पोचवायचं. धुळाला ट्रकचा भोंगा ऐकू येत नसे. कारखाना सुटायच्या वेळी पाळीचं पोर फाटकाशी उभं राही. पोरानं हात पुढं केला की धुळा हसायचा आणि मुकाट निघायचा. रोज पाचला, शनिवारी दोनला.

त्या दिवशी वह्यांवर बाईंची सही वाकडीतिकडी येत होती. पहिल्या रांगेतली शरणम्मा टक लावून बघत होती.

"बाई, रडताय व्हय?"

"न्हाई गं."

"खोटं बोलायचं न्हाई, तुमीच सांगितलंय की!"

घ्या! पोरीनं बरोबर धरलं. बाईंना दुसरं काही सुचेना. म्हणाल्या, "शिबिराच्या मांडवात न्यायला मला एक माणूस पायजे. शनिवारी सहाच्या आत. न्हाई मिळाला तर सोमवारी तुमची बाई शाळेत न्हाई."

"कसला माणूस?"

"कसला बी. मोठा गडी."

निंगप्पासारखा वात्रट पोरगासुद्धा मान खाली घालून बसला.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशा बाई विणकरांच्या गल्लीत शिरल्या. पिशवीत धुळाच्या लग्नाच्या पत्रिका होत्या. त्या निमित्तानं तरी कुणी दार उघडेल! पण बाईंची छत्री दिसली की खटखट माग थांबत आणि पटापट कड्या लागत. "शाळेची बाई आली रे!" अशी हाळी गल्लीच्या या टोकाची त्या टोकाला पोचे. मागच्या दारानं गडी पळत. दहा वर्षांत या गल्लीनं बाईंना चहाशिवाय सोडलं नव्हतं. आता त्यांना बंद दारांची भीती वाटत होती आणि दाराआडच्यांना त्यांची.

साडेचारला मडिवाळप्पाचं दार उघडलं. भोळा माणूस. बाईंच्या शब्दावर उठून आलाही असता.

"काय बाई," त्यानं कडीवरचा हात काढला नाही, "पत्रिका का शिबिराची यादी?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या मागून तीन वर्षांची लेक डोकावली. एकुलती एक. बाईंनी पत्रिका पुढं केली.

"धुळाचं लग्न हाय गुरुवारी. समद्यांनी यायचं बरं का."

मडिवाळप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई थांबल्या नाहीत.

शाळेकडे परतताना नोकरी गेल्याचा निरोप मंगळवेढ्याला कधी पोचेल, याचाच त्या हिशेब करीत होत्या. सहाला दहा कमी होते.

फाटकात हेडमास्तर उभे. आणि चक्क हसत होते!

"अहो बाई, एवढ्या कशाला घाबरलात? शिबिरातनं आत्ताच चिठ्ठी आली. तुमच्या नावावर एक लागली. अंगठा उठला, काम झालं. सुटलात!"

बाई पायरीवर मटकन बसल्या. "कुणी नेला?"

"तुमच्या चौथीच्या पोरांनी. अहो, शिकवण म्हणतात ती हीच!"

बाई रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. कोण असेल बिचारा? उद्या त्याच्या घरी जाऊन पाया पडायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं. गुरुवारचं लग्न निर्धास्त पार पडणार होतं.

तेवढ्यात शरणम्मा वही नाचवत धावत आली. "बाई, सही करा की! आजची सेवा."

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. न वाचताच खाली सही ठोकली, तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ, ठसठशीत. मग डोळे पुसून त्यांनी वर लिहिलेलं वाचलं.

'आज धुळामामाची पाळी माझी होती. बाईंना माणूस पाहिजे म्हणून मी मामाचा हात धरून त्यांना मांडवात नेलं. मामा हसत आले.'