नखाची खूण

पानं झडलेल्या रोपाच्या सालीवर पुन्हा नखाची ताजी खूण दिसली, माझं डोकंच फिरलं. बागेचा माळी मी; थंडीत रोपं जगवताना आधीच नाकी नऊ येतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच झुडपाआड दबा धरून बसलो. रोज फिरायला येणाऱ्या काकू आल्या आणि त्यांनी सालीत अंगठ्याचं नख रुतवलं. “अहो काकू, हे काय चालवलंय?” “तुम्हीच म्हणालात ना, साल खरवडून आत हिरवं दिसलं की झाड जिवंत? माझ्या मुलानं लावलंय हे. अपघात झाल्यापासून शुद्धीवर नाही तो.” माझा आवाज खाली आला. “रोज खरवडलंत तर मरेल हो. थंडी सरू द्या, पालवी फुटेल. थोडं थांबा.” “डॉक्टरही तेच म्हणतात,” पुटपुटत त्या गेल्या. मी पाणी घातलं, आळं सारखं केलं. चार पावलं गेलो, परत फिरलो. कोरी जागा शोधून मी हळूच नख लावलं.