वीस पावलं

पालखी देवळासमोर आली, ढोलाचा ठेका वाढला आणि नेमकी तेव्हाच जगदीश मोकलांच्या पोटात कळ उठली. चुलतभावाच्या घरचा संडास वीस पावलांवर होता. पण पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "घाई लागली की पळायचं नाही. पळालात की संपलं! आहात तिथे थांबा, आवळून धरा, लांब श्वास घ्या. जोर ओसरला की मग सावकाश चाला."

मोकल थांबले. डोळे मिटले, मुठी वळल्या, दात-ओठ खाल्ले. अंगाला कापरं भरलं, घाम निथळू लागला. अखेर जोर ओसरला. त्यांनी डोळे उघडून पाऊल टाकलं, तर वाटेत सगळा गाव हात जोडून उभा.

"अंगात आलंय!" म्हणत वेणूआत्याने त्यांच्या कपाळाला कुंकू फासलं आणि पायांना मिठी मारली.

"आत्या, सोड. मला जाऊ दे."

"आताच आलास ना देवा, लगेच कुठं चाललास?"

दुसरी कळ आली. ही पहिलीपेक्षा मोठी होती. मोकलांचे डोळे पांढरे झाले. ते पाहून गावचे पंच नारळ घेऊन पुढे सरसावले.

"रुसू नको देवा. काय पायजे ते मोकळेपणी सांग. आमी नाय बोलणार नाय."

"संडास!" मोकल कळवळून म्हणाले.

ढोल थांबला. पंचांना गहिवरून आलं.

"दिला! पुढच्या जत्रेच्या आत देवळामागं बांधतो. तवर तेवढी कळ काढ, देवा."